बिनबा दरवाज्याची दिशा

वर्गासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझे वय चोपन्न होते. त्याआधीची अठ्ठावीस वर्षे एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. त्या खोलीत कागदांना उत्तर द्यावे लागत नसे आणि माणसे आली तरी फारशी बोलत नसत, म्हणून ती जागा मला मानवली होती. इतिहासात एम.ए. झालो होतो, तेही पहिल्या वर्गात. तरुणपणी महाविद्यालयातील एका जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. समोरच्या तिघांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मला येत होते. ते कोणत्या पुस्तकात, डाव्या पानावर की उजव्या, हेही आठवत होते. मी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिलो. शेवटी एकाने समजुतीच्या स्वरात "असू द्या" म्हटले आणि मी आभार मानून बाहेर पडलो. पुन्हा कुठल्याही मुलाखतीला गेलो नाही. लिहायलाही आज, एवढ्या उशिरा बसलो आहे, आणि त्याचे कारण काही आनंदाचे नाही.

नोकरीची शेवटची वर्षे गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तिथेच राहिलो. आमच्या विहाराच्या मागे पत्र्याची एक लांब खोली आहे. तिथे अभ्यासिका चालते. जंगलातल्या खेड्यांमधून आलेली मुले-मुली गावात भाड्याच्या खोल्या करून राहतात, पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात आणि उरलेला दिवस या खोलीत भरतीचा अभ्यास करतात. पोलीस, वनरक्षक, तलाठी, जी जाहिरात निघेल ती. जिल्ह्यांचा इतिहास शिकवायला कोणी मिळत नव्हते, म्हणून विहाराच्या समितीतले एक भाऊ मला जवळजवळ दंडाला धरून घेऊन गेले. पहिले दोन आठवडे मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवले.

"सर, आमी इकडं बसलो आहो," असे एक दिवस मागून ऐकू आले. सगळे हसले. मीही हसलो, पण फळ्याकडे पाहतच.

ते बोलणारा मुलगा वर्गातला सर्वांत बोलका होता. पुढेही त्याचा उल्लेख येईल. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्या एका मुलीविषयी. ती सगळ्यांत मोठी होती आणि सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही तिला ताईच म्हणू लागलो. तिचे गाव धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलात. घरी आई, गोंडीखेरीज दुसरी भाषा न बोलणारी. थोरला भाऊ घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. ताई दोनदा निवड यादीच्या अगदी जवळून परतली होती. एकदा मैदानात पाय मुरगळला आणि एकदा लेखीत थोडे गुण कमी पडले. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती होती. तिने हे पहिल्याच दिवशी सांगितले होते, इतर मुले गावाचे नाव सांगतात तितक्या सहजपणे. "हे झालं तं झालं सर, नाईतं भाऊ घुग्घुसले बोलावून राह्यला. तिथी बायांले पण ठेवते म्हणते, गेटवर."

अभ्यासिकेची म्हणून एक पद्धत होती. वहीत तीन रकाने आखायचे: प्रश्न, उत्तर आणि आधार. परीक्षेनंतर उत्तरतालिका निघते. तीतील एखादे उत्तर चुकले आहे असे वाटले तर हरकत घेता येते, आणि हरकतीला आधार लागतो. त्यामुळे उत्तराइतकाच आधार महत्त्वाचा. मोबाइलवर काय दिसते ते धरायचे नाही. खासगी पुस्तकात एक आणि सरकारी फलकावर किंवा पुस्तिकेत दुसरे असेल, तर फलक धरायचा. हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलेला होता: "पाटी धरा." आधी तो कुणाच्या तरी वेड्यावाकड्या अक्षरांत होता, मी आल्यावर त्यांनी माझ्याकडून नव्याने लिहून घेतला, कारण माझे अक्षर चांगले आहे. मी तो मनापासून लिहिला. आयुष्य अभिलेख कक्षात घालवलेल्या माणसाला तो नियम पटण्यासारखाच होता.

गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या इतिहासाच्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती मी त्यांना काढून दिल्या होत्या. त्यांतही तीन रकाने होते. जवळजवळ प्रत्येक ओळीत मी ग्रंथ आणि पान दिले होते. काही ओळींत मात्र आधाराचा रकाना कोरा राहिला होता. चंद्रपूरच्या परकोटाच्या, म्हणजे गावाभोवतीच्या जुन्या तटाच्या, चार दरवाज्यांच्या दिशा मी नुसत्याच लिहून टाकल्या होत्या. जिथे जन्म झाला त्या जागेचा आधार कुठून शोधायचा, हे मला सुचले नव्हते, आणि त्याची गरज पडेल असेही वाटले नव्हते.

त्या हिवाळ्यात चंद्रपूरला नवे सरकारी संग्रहालय सुरू झाल्याची बातमी आली. तिथे पडद्याला बोट लावले की इतिहास बोलतो, जमीन हलते, भिंतीतून घोषणा ऐकू येतात, असे कुणीतरी पाहून आलेले सांगत होते. आमच्या मुलांच्या कानावर त्यातले एवढेच आले की आता प्रश्न तिथूनच काढतात. असे कोण म्हणाले, हे कुणालाच सांगता आले नाही. तरी जायचे ठरले. मी बरोबर यावे असा आग्रह ताईनेच केला. "तुमी असले तं ते लोक आमाले नीट दाखवतीन, सर." माझ्या असण्याने कुणी काही नीट दाखवेल, असा विश्वास माझ्यावर त्याआधी कुणी टाकला नव्हता.

आम्ही पंधरा जण सकाळच्या बसने निघालो. वैनगंगेचा पूल, मग मूल गाव, मग लोहाऱ्याचे जंगल. मुले एकमेकांना प्रश्न विचारत होती. बाहेर सागाची पाने वाळून तांबडी झाली होती, पण खिडकीबाहेर कुणीही पाहत नव्हते.

संग्रहालयात एक तरुण मार्गदर्शिका आम्हाला घेऊन फिरली. निळा टी-शर्ट, कॉलरला लावलेला माइक, बोलणे शहरी. पहिल्या दालनात गोंड राजांचे चिन्ह भिंतभर उमटले आणि त्यातला सिंह आमच्याकडे मान वळवून गुरगुरला. ती थांबून आमच्या चेहऱ्यांवरचे आश्चर्य शोधू लागली. चौदा माणसे खाली माना घालून भिंतीवरचा मजकूर उतरवून घेत होती.

"अरे, लिहिताय काय? टच करा ना! हे इंटरॅक्टिव्ह आहे," ती म्हणाली.

"मॅडम, टच केलं तं लिहायले हात कुठी राह्यते?" ताई म्हणाली.

कोळशाच्या खाणीचा एक अंधारा बोगदा केला होता. आत शिरले की पायांखालची फळी थरथरे आणि दूर कुठेतरी स्फोट झाल्यासारखा आवाज येई. बोलका मुलगा मध्येच थांबला. "माहा मामा असा हलाचा पगार घेते बे, अन् आपण तिकीट काढून हलून राह्यलो." सगळे खळखळून हसले आणि मार्गदर्शिकेलाही हसू आले. पुढे चिमूरचे दालन होते. भिंतीवर कोरलेल्या पंजावर आपला पंजा ठेवला की बेचाळीसच्या जमावाचा आवाज चारी बाजूंनी येई. मी पंजा ठेवला. आवाज इतका जवळून आला की मी हात मागे घेतला. शेजारी उभ्या मुलाने हळूच विचारले, "सर, याच्यावर किती मार्काचा येते?" मी म्हणालो, एक किंवा दोन.

शेवटच्या दालनात चंद्रपूरची प्रतिकृती होती. चांगली दोन खाटांएवढी. परकोट, बुरूज, आतली घरे, पश्चिमेला इरई नदी आणि पूर्वेला झरपट नदी, दोन्ही निळ्या काचेच्या. कडेला चार बटणे, प्रत्येकावर एका दरवाज्याचे नाव. बटण दाबले की त्या दरवाज्याच्या कमानीत दिवा लागे आणि मागच्या काचेवर त्याची दिशा अक्षरांत उमटे. जटपुरा दाबला, उत्तर. पठाणपुरा, दक्षिण. मग कुणीतरी बिनबा दाबला, आणि झरपटेच्या बाजूच्या कमानीत दिवा लागला. काचेवर उमटले: पूर्व दरवाजा. अंचलेश्वर दाबला तेव्हा इरईकडची कमान उजळली आणि काच म्हणाली: पश्चिम दरवाजा.

दोन तारांची आपसांत अदलाबदल झाली होती, एवढेच. बसवणाऱ्याने संध्याकाळी घाईत जोडल्या असतील.

माझा जन्म बिनबा दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावरचा. वडील रोज संध्याकाळी इरईकडून परत येत आणि मी दरवाज्यात त्यांची वाट पाहत उभा राही. मावळतीचे ऊन त्यांच्या पाठीमागून कमानीत शिरे, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नसे. आधी त्यांची सावली माझ्या पायांपर्यंत पोहोचे, मग ते पोहोचत. बिनबा पश्चिमेला आहे हे मला शाळेत जाण्याच्या आधीपासून ठाऊक होते.

ताईने पिशवीतून माझी झेरॉक्स काढली आणि उघडली. "सर, तुमच्या नोट्समदी बिनबा पश्चिम हाय. इथी पूर्व दाखवून राह्यलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मार्गदर्शिकेनेही पाहिले. माझ्या तोंडून आले ते एवढेच: "नाही म्हणजे... ते जरा..."

"काका, हे सगळं तज्ज्ञांनी तपासून घेतलेलं आहे," ती नम्रपणे म्हणाली. तिचा माइक चालू होता, त्यामुळे ते वाक्य छतातूनही ऐकू आले.

"आधार नाई ना लिहिला सरनं," बोलका मुलगा झेरॉक्समध्ये डोकावत म्हणाला. "रकाना कोराच हाय. मंग पाटी धराची ना, सर?"

ताई थांबली होती. तिला माझे उत्तर हवे होते. पेनचे टोपण तिने अजून काढले नव्हते. समोर एकही पाण्याचा पेला नव्हता, तरी मी तसाच कुठेतरी पाहत होतो. इतक्या लोकांसमोर, शासनाने उभारलेल्या एवढ्या मोठ्या काचेसमोर, माझ्या वडिलांची सावली हा आधार म्हणून कसा सांगायचा? शिवाय मनात दुसराही विचार आला, आणि तो खोटा नव्हता: आपले चुकत असेल. घर सोडून कितीतरी वर्षे झाली होती.

"पाटी धरा," मी म्हणालो.

ताईने पिशवीतून पट्टी काढली, माझ्या "पश्चिम" या शब्दावर लाल रेघ ओढली आणि वर लिहिले: पूर्व. आधाराच्या कोऱ्या रकान्यात लिहिले: संग्रहालय, प्रत्यक्ष पाहिले. मग प्रतिकृतीचा, काचेसकट, मोबाइलवर फोटो घेतला. बाकीच्यांनी तिच्या वहीवरून उतरवले.

परतीच्या बसमध्ये सांगून टाकायचे, असे मी ठरवले. लोहाऱ्याच्या जंगलात सांगणार होतो, पण मुले गाण्यांच्या भेंड्या खेळू लागली होती. मूलच्या स्थानकावर चहाला उतरलो तेव्हा ताई माझ्याच शेजारी उभी होती. ती म्हणाली, "सर, आज लय झालं. दोन-चार मार्क तं इथूनच येतीन." मी चहा संपवला. वैनगंगेच्या पुलावर उन्हे कलली होती आणि सूर्य आमच्या मागे, चंद्रपूरच्या दिशेला होता. खिडकीतून मागे वळून पाहिले तर स्पष्ट दिसत होता. तेव्हाही मी काही बोललो नाही. घरी पोहोचल्यावर ठरवले की उद्या सांगू. उद्या मी दुसरा विषय शिकवला. पुढच्या आठवड्यात मी स्वतःची समजूत घातली की चार दरवाज्यांवर प्रश्न सहसा येत नाहीत, आणि त्यानंतर मी त्याचा विचारही करीनासा झालो. ही गोष्ट अशीच झाली. याहून मोठे कारण मला कधी सापडले नाही.

लेखी परीक्षा झाली त्या दिवशी आमच्यातले सहा जण दुपारच्या बसने परतले आणि थेट अभ्यासिकेत आले. ताई सगळ्यांच्या पुढे होती. चपला काढायच्या आधीच ती म्हणाली, "सर, बिनबा आला होता!"

"कोणता बिनबा?" असे मी विचारले. मला कळले होते, तरी विचारले.

"दरवाजा, सर! कोन्त्या दिशेले हाय म्हणून. संग्रहालयातला! मी पूर्व टाकलं, दुसऱ्यांदा पाह्यलं पण नाई."

"आमच्या सहाही जणांचं पूर्व," बोलका म्हणाला. "सर, तुमचं तिकीट वसूल." त्याने कोपऱ्यातला माठ उचलून सगळ्यांना पाणी दिले आणि मलाही दिले. ताईने मला वाकून नमस्कार केला. ती कधी कुणाला वाकून नमस्कार करत नसे.

उत्तरतालिका दहा-बारा दिवसांनी निघाली. तीत बिनबासमोर पश्चिम होते. सहा जणांपैकी चौघांना त्या एका गुणाने काही फरक पडणार नव्हता. त्यांचे पुष्कळ चुकले होते. बोलका तर यादीच्या फार वर होता. ताईने दोनदा मोजले, मग माझ्याकडून एकदा मोजून घेतले. मागच्या वेळची यादी जिथे थांबली होती, त्या कडेला ती उभी होती. एक गुण इकडे किंवा तिकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या घरी आली. झेरॉक्स सोबत होती. दारातच उभी राहून तिने ते पान माझ्यापुढे धरले. लाल रेघेखाली माझे "पश्चिम" अजून वाचता येत होते.

"सर, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मीच खोडलं."

तिने चूक स्वतःकडे घेतली होती आणि मी गप्प राहिलो असतो तर ती तिच्याकडेच राहिली असती. त्या क्षणी मी बोललो, याचे श्रेय मी घेत नाही. तिच्या हातातल्या त्या पानाकडे पाहवत नव्हते म्हणून बोललो.

"ताई, मला तिथेच माहीत होते. माझे घर त्या दरवाज्याजवळच होते. दिवा चुकीचा लागतो आहे हे मला दिसले होते."

तिला समजायला वेळ लागला. "माहीत होतं?"

"हो."

"मंग बोलले काऊन नाई?"

ती ओरडली नाही. खरोखरच विचारत होती. या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच येत नसलेल्या प्रश्नापुढे मी गप्प राहिलो. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. माझ्या पत्नीने आतून विचारले, "कोण आहे?" ताई म्हणाली, "मी आहो, बाई," आणि मग माझ्याकडे वळली.

"ठीक हाय. आता तं लिहून द्या."

"काय?"

"हरकत. माह्याकडं फोटो हाय. पाटी हाय सरकारी. तुमचं लिहिणं चांगलं हाय."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की बिनबा खरोखरच पश्चिमेला आहे. हरकत मान्य झाली तर खोटे खरे ठरेल आणि ज्यांनी बरोबर उत्तर लिहिले त्यांचा गुण जाईल. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ज्याईचं बरोबर होतं त्याईले कोणी तरी बरोबर सांगितलं असन."

त्या दिवशी मी आयुष्यातला सर्वांत चांगला अर्ज लिहिला. भाषा नेमकी होती, परिच्छेद एकमेकांत नीट बसले होते, आणि विधानांना क्रम होता. जिल्ह्याच्या इतिहासाविषयी सार्वजनिक रीत्या उपलब्ध असलेला अधिकृत स्रोत म्हणून संग्रहालयाची प्रतिकृती मी पुढे ठेवली. उमेदवाराने अशा स्रोतावर विश्वास ठेवणे वाजवी आहे, हे दाखवून दिले. निदान प्रश्न रद्द करून सर्वांना गुण द्यावा, अशी पर्यायी विनंती केली. ताईने तो दोनदा वाचला. "एवढं भारी लिहिता तुमी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि नव्हता म्हणूनच ते मला आजही ऐकू येते.

हरकत फेटाळली गेली. अंतिम उत्तरतालिकेत पश्चिमच राहिले. यादी लागली तेव्हा ती ताईच्या एक गुण वर थांबली होती. तिची आणखीही चार उत्तरे चुकली होती, हे खरे आहे. मी ते स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले आहे. पण ती चार तिची होती.

ती घुग्घुसला निघाली त्या दिवशी अभ्यासिकेत आली आणि तिने आपल्या वह्या धाकट्या मुलींमध्ये वाटून टाकल्या. झेरॉक्स मात्र कुणाला दिली नाही. फाडून टोपलीत टाकली. दुसऱ्या कुणी त्यावरून शिकू नये म्हणून असावे. बोलका तेव्हा प्रशिक्षणाला जाण्याच्या तयारीत होता. त्याला विनोद सुचेना. "ताई, घुग्घुसले आलो तं गेटवर अडवशील का?" तो शेवटी म्हणाला. "आयडी दाखवजो," ती म्हणाली, आणि दोघेही हसले. जाताना तिने मला "येतो, सर" म्हटले. नमस्कार केला नाही.

पावसाळा संपल्यावर मी एकटाच चंद्रपूरला गेलो. खिशात अर्ज होता. प्रतिकृतीतील दोन तारांची अदलाबदल झाली आहे, एवढ्याच आशयाचा, आणि सोबत हाताने काढलेला नकाशा. संग्रहालयात तीच मार्गदर्शिका होती. तिने मला ओळखले नाही. अर्ज वाचून तिला खरेच वाईट वाटले. "आजपर्यंत कुणी सांगितलंच नाही, काका. तुम्ही पहिलेच." तिने अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. दुरुस्ती करणारा माणूस नागपूरहून येतो; कधी येतो ते सांगता येत नाही; तोपर्यंत बटणे बंद करायचा अधिकार तिला नव्हता. अभिप्रायाची वही होती, तीतही मी लिहिले.

मी त्या दालनातच होतो तेव्हा दुसरा गट आला. वीसेक मुले-मुली, पाठीवर पिशव्या, हातात वह्या. त्यांच्या चालण्यावरूनच कळले की ही पहाटे धावणारी मुले आहेत. ती प्रतिकृतीभोवती जमली आणि बटणे दाबू लागली. जटपुरा, पठाणपुरा. बिनबा. पूर्वेच्या कमानीत दिवा लागला आणि वीस पेने खाली झुकली.

मी पुढे झालो. आवाज हवा तेवढा मोठा निघाला नाही, पण निघाला. "हे चुकीचे आहे. बिनबा दरवाजा पश्चिमेला आहे."

जवळच्या एका मुलाने वर पाहिले. शांत, सभ्य मुलगा. त्याच्या वहीत तीन रकाने होते; ही पद्धत आमच्याच खोलीची आहे असे मी इतके दिवस समजत होतो.

"आधार काय, काका?" त्याने विचारले.

"मी तिथलाच आहे," मी म्हणालो. "माझे वडील संध्याकाळी त्या दरवाज्यातून यायचे. ऊन त्यांच्या पाठीशी असायचे."

त्याने माझ्याकडे पाहिले, काचेवरच्या अक्षरांकडे पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. "हव का," तो आदराने म्हणाला. मग त्याने वहीत "पूर्व" लिहिले, खाली पट्टीने रेघ मारली आणि मित्राने विचारले तेव्हा वही त्याच्याकडे सरकवली.

मी बाहेर आलो. बसस्थानकावर घुग्घुसची गाडी लागलेली होती, धुळीने काचा पांढऱ्या झालेली. मी निघतानाच मनाशी धरले होते की इथले काम झाले की तिकडे जायचे, कारखान्याच्या गेटवर ताईला भेटायचे आणि सांगायचे की या वेळी मी बोललो. मी त्या गाडीच्या दारापाशी बराच वेळ उभा राहिलो. वाहकाने दोनदा विचारले, "काका, येता का?" कारखान्यातली पाळी बदलण्याची वेळ होती आणि गाडी भरत चालली होती. मी बोललो होतो, हे खरे होते. ऐकून ती विचारील, मग काय झाले? त्याचेही उत्तर मला येत होते.

मी मूलच्या गाडीत बसलो.